भाव नाही, म्हणून नाव नाही

रविवारी सकाळी भरतीची वेळ साधून मानखुर्दहून ट्रॉम्बेच्या धक्क्याकडे गेले, तर तेथे गळ टाकून बसलेली एक वेगळीच मंडळी दिसते. ही मंडळी व्यवसायाने मच्छीमार नव्हेत. कोणी कारखान्यात पाळी करणारा कामगार असतो, कोणी बँकेतील कारकून, कोणी नुकताच निवृत्त झालेला शिक्षक, तर कोणी परीक्षेच्या काळजीतून दोन तास सुटका करून घेणारा विद्यार्थी. कोकणात या उद्योगाला ‘गरवणे’ असा सुरेख शब्द आहे. गळाला कोळंबी लावायची, दोर पाण्यात सोडायचा आणि वाट पाहायची, एवढेच त्याचे शास्त्र. बहुधा एखादी बोय किंवा शिंगाळा मिळतो. नशीब असेल तर तांब आणि नशीब फारच जोरावर असेल तर जिताडा. काही मिळाले नाही तरी खाडीचा वारा फुकट मिळतो, असे या मंडळींचे समाधान असते.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या अशाच एका रविवारी आमच्या शेजाऱ्यांच्या गळाला एक मासा लागला. शेजारी एका सरकारी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, वृत्तीने नेमके आणि हिशेबी. मासा हातभर नव्हता, पण कोपरापासून मनगटापर्यंत सहज भरला असता. अंग जाड, रंग काळपट तपकिरी, डोके लहान आणि डोळ्यांवर थोडेसे खोलगट. विशेष म्हणजे पाठीवरच्या पराचा मागचा भाग आणि पोटाखालचा पर हे दोन्ही गोलाकार होऊन शेपटीला इतके भिडले होते की, माशाला तीन शेपट्या आहेत असेच वाटावे. भोवती गर्दी जमली आणि आपल्याकडे जमते तशी मतेही जमली. एकाने ते जिताड्याचे पिल्लू ठरविले. दुसऱ्याने तो हेकरू असल्याचे छातीठोकपणे सांगितले. तिसऱ्याच्या मते कोणा श्रीमंताने आपल्या काचेच्या पेटीतील परदेशी मासा खाडीत सोडून दिला असावा. चौथ्याने तो विषारी असल्याचा निर्वाळा दिला आणि दोन पावले मागे सरकला.

निर्णय होईना, तेव्हा आम्ही तो मासा घेऊन बाजारातील एका वृद्ध कोळीण मावशींकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, कल्ला उघडून पाहिला आणि क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘हा खजुरा नाय आणि हेकरू पन नाय. हा वाहत्या लाकडाच्या, बोयाच्या सावलीला आडवा पडून असतो. जाल्यात एखाददुसरा येतो.’ मग याचे नाव काय, असे विचारल्यावर त्या हसल्या. ‘ह्याला भाव नाय, मास्तर, मग नाव कशाला?’

प्रस्तुत लेखक गेली वीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत आहे. किंमत कशी ठरते, मागणी व पुरवठा यांची गाठ कोठे पडते, यावर त्याने शेकडो व्याख्याने दिली असतील. परंतु किंमत आणि ज्ञान यांचा संबंध इतक्या थोडक्या शब्दांत त्याला कधी मांडता आला नव्हता. ज्या वस्तूला बाजारात भाव आहे तिची नावे वाढत जातात. मुंबईची सुरमई मालवणात आणि गोव्यात इसवण होते. येथील मुशीला तेथे मोरी म्हणतात. खजुरा आणि जिताडा ही एकाच माशाची नावे. याउलट ज्या माशाला भाव नाही तो ढिगात जातो, आणि ढिगाला नाव नसते. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही तो आकडेवारीत नाही. आणि जो आकडेवारीत नाही तो राज्यकर्त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. एका कोळीण मावशीच्या उत्तरातून निघालेली ही साखळी मासळीबाजारापुरतीच मर्यादित नाही, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल.

ओळख पटविण्याचा खटाटोप

माशाची ओळख पटविण्याची जिद्द आमच्या शेजाऱ्यांनी सोडली नाही. त्यांनी तो शीतकपाटात ठेवला आणि सोमवारी आम्ही दोघे एका कार्यालयात चौकशीस गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने वागले. पण हा विषय आपल्या टेबलाचा नाही, संबंधित विभाग दुसऱ्या इमारतीत आहे, नमुना अर्जासोबत आणावा लागेल, आणि तोवर तो ताजा राहील याची खात्री देता येणार नाही, एवढेच त्यांना सांगता आले. दुसऱ्या इमारतीत आम्हाला पुन्हा पहिल्या इमारतीचा पत्ता मिळाला. इकडे घरात शीतकपाटातील जागेवरून शेजारीणबाईंनी निर्वाणीचा इशारा दिला होता. अखेर आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. रंगाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. मासा मेला की रंग बदलतो आणि जिवंतपणीही तो पाण्यानुसार बदलतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी प्रथम माशाची लांबी आणि उंची मोजली. मग पाठीवरच्या परातील कठीण काटे आणि मऊ किरणे वेगवेगळी मोजली, पोटाखालच्या परातील मोजली, खवल्यांच्या रांगा पाहिल्या, कल्ल्याच्या झाकणाची कड दातेरी आहे काय हे बोटाने चाचपले, टाळूवर दात आहेत काय हे पाहिले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने पश्चिम हिंदी महासागरातील माशांच्या ओळखपत्रिकांचे खंड १९८४ साली प्रसिद्ध केले आहेत. त्यांतील आकृत्यांशी हे आकडे ताडून पाहिल्यावर अर्ध्या तासात उत्तर मिळाले. इंग्रजीत या माशाला ‘ट्रिपलटेल’, म्हणजे तीन शेपट्यांचा, असे म्हणतात. शास्त्रीय नाव लोबोटस सुरीनामेन्सिस. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील सुरीनामहून आलेल्या नमुन्यावरून १७९० साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. जगातील बहुतेक उष्ण समुद्रांत तो आढळतो. त्याची पिल्ले पाण्यावर आडवी पडून वाळक्या पानासारखी तरंगतात, आणि मोठा मासा वाहत्या लाकडाच्या किंवा बोयाच्या सावलीत राहतो. मावशींनी सांगितले होते, अगदी तेच!

येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. आम्हाला तो मासा दुर्मीळ वाटला होता. कदाचित विज्ञानाला अज्ञात असा काही शोध आपल्या हाती लागला आहे, अशी सुप्त आशाही मनात होती. ती फोल ठरली. मासा दुर्मीळ नव्हता, आम्ही अनभिज्ञ होतो. परंतु या निराशेतच प्रश्नाचे मर्म आहे. खरोखर दुर्मीळ असलेला, आपल्या नेहमीच्या टापूबाहेर आलेला, कोणीतरी बाहेरून आणून सोडलेला, आणि केवळ आपल्याला ठाऊक नसलेला, असे चार प्रकारचे ‘विचित्र’ मासे गळाला लागू शकतात. या चारांचा अर्थ सर्वस्वी भिन्न आहे. त्यांतील कोणता हाती आला, हे ओळख पटल्यावाचून कळत नाही.

हौशी माणसाचा वाटा

हा सारा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एका प्रसिद्ध घटनेचे स्मरण करून द्यावेसे वाटते. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन या बंदरात एका छोट्या वस्तुसंग्रहालयाच्या तरुण अभिरक्षक मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मासळीच्या ढिगात एक निळसर, जाड खवल्यांचा मासा दिसला. तो ठेवण्यासाठी त्यांना शवागारातही जागा मिळाली नाही आणि शीतगृहातही मिळाली नाही. त्यामुळे त्याचे आतले अवयव वाया गेले. रेखाटन मात्र त्यांनी पाठविले, आणि ते पाहून जे. एल. बी. स्मिथ यांनी ओळखले की कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानला गेलेला सीलाकँथ हाच! हे स्मिथ पेशाने रसायनशास्त्राचे अध्यापक होते. मासे हा त्यांचा छंद होता.

पुढची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. दुसरा नमुना मिळावा म्हणून स्मिथ यांनी चित्रासह पत्रके छापली आणि शंभर पौंडांचे बक्षीस लावले. चौदा वर्षांनी, डिसेंबर १९५२ मध्ये, कोमोरो बेटांतील एका कोळ्याच्या गळाला तो मासा लागला. कोळ्याने तो नेहमीप्रमाणे बाजारात नेला. तेथे एका शाळामास्तरांनी तो पत्रकातील चित्रावरून ओळखला, आणि तो सुटी मासळी म्हणून विकला जाण्यापासून वाचला. स्मिथ यांना तो आणावयास पंतप्रधान मलान यांनी लष्करी विमान दिले. बेटावरील लोकांना हा मासा ठाऊक होता. त्याला ‘गोंबेसा’ असे नावही होते. उणीव होती ती त्यांचे ज्ञान आणि शास्त्रज्ञांचे ज्ञान यांना जोडणाऱ्या दुव्याची. तो दुवा एका छापील कागदाने, थोड्या पैशाने आणि एका जागरूक शिक्षकाने पुरविला.

आपल्या मुंबईलाही ही परंपरा परकी नाही. १८८३ साली मूठभर हौशी मंडळींनी येथे निसर्ग इतिहास संस्था स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाने कारकून, वकील, डॉक्टर, वनाधिकारी अशा सर्वांच्या छोट्या छोट्या निरीक्षणांना जागा दिली. एखाद्याने पाहिलेला पक्षी, एखाद्याला सापडलेला साप यांच्या चार ओळींच्या टिपणांवरच पुढे मोठे ग्रंथ उभे राहिले. फ्रान्सिस डे यांचा भारतातील माशांवरील ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला. डे हे मूळचे लष्करी डॉक्टर. मुंबईच्या मत्स्यखात्यातील सेटणा आणि सारंगधर यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत मुशी व पाकट यांच्या प्रजननावर जे संशोधन केले, त्याचा कच्चा माल येथील कोळ्यांच्या जाळ्यांतूनच आला. आज त्याच शहरात वेसाव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे केंद्र आहे. खाडीपलीकडे ऐरोलीला कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. विद्वत्तेची उणीव नाही. धक्क्यावर बसलेल्या माणसापासून त्या विद्वत्तेपर्यंत पोहोचणारी पायवाट तेवढी नाही.

संशोधन संस्था मासळीची आकडेवारी गोळा करतात ती बंदरांवर उतरणाऱ्या मालाची नमुना पाहणी करून. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि तिच्याविषयी आदरच वाटतो. पण हौशी माणसाचा मासा बंदरावर उतरत नाही. तो पिशवीतून थेट घरी जातो. व्यावसायिक होडी जेथे मासळी भरपूर आणि भावाची असते तेथे जाते. हौशी माणूस मात्र खडकावर, पुलाखाली, नाल्याच्या मुखाशी, जेथे जाळे टाकणे परवडत नाही अशा जागी वर्षानुवर्षे बसतो. बाजाराची दृष्टी जेथे पोहोचत नाही नेमके तेथेच त्याचा गळ असतो. त्याच्या नोंदीचे मोल याच कारणाने अधिक आहे.

जीव, कायदा आणि बाजार

ओळखीचा प्रश्न प्रथम जिवाशी येऊन भिडतो. डिवचल्यावर फुग्यासारखा फुगणारा केंड मासा आपल्या किनाऱ्यावर सर्वत्र आहे. या कुळातील अनेक जातींच्या अंगात असे विष असते की ते शिजवून नाहीसे होत नाही आणि त्यावर उतारा नाही. कोळी तो खात नाहीत. पण शहरात नव्याने आलेल्या आणि फुकट मिळालेला मासा टाकून देणे न परवडणाऱ्या माणसाला हे कोणी सांगायचे? २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाकटांनी दंश केला, तेव्हा हा डंख जेलीफिशचा की पाकटाचा, याविषयी बराच गोंधळ झाला होता. पाकटाचा काटा रुतला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे, हा उपचार. जेलीफिशची गोष्ट वेगळी. म्हणजे प्राण्याची ओळख हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

दुसरा संबंध कायद्याशी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली देवमुशी, करवत मासे, काही मुशी व पाकट आणि सर्व समुद्रघोडे यांना संरक्षण मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आणखी वाढली. लांजासारख्या दिसणाऱ्या माशांत अनेक जाती आहेत आणि त्यांतील काहींना आता संरक्षण आहे. २०२३ साली राज्य शासनाने अनेक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. हे सारे योग्यच झाले. परंतु ज्या कायद्याचे पालन माशाच्या जातीवर अवलंबून आहे, तो कायदा जाती ओळखता न येणाऱ्या नागरिकांवर लादणे म्हणजे निरक्षराला फलक वाचून वाहन चालवावयास सांगण्यासारखे आहे. अज्ञान हा कायद्यापुढे बचाव नसतो हे खरे. पण अज्ञान दूर करण्याची सोय करणे हे कायदा करणाऱ्याचे कर्तव्य असते, हेही तितकेच खरे.

तिसरा संबंध बाजाराशी. ‘रूपचंद’ या नावाने विकला जाणारा गोड्या पाण्यातील परदेशी मासा पापलेट म्हणून गळ्यात मारला जातो, हा अनुभव मुंबईबाहेरच्या अनेक गृहिणींना असेल. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाची खरी माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मासळीबाजारात तुकडे करून विकलेल्या माशाला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. ओळखण्याची कला लोप पावली की फसवणुकीला आमंत्रणच मिळते. आणि त्यात खरा माल आणणाऱ्या कोळिणीचेही नुकसान होते.

शेवटचा आणि कदाचित सर्वांत मोठा संबंध बदलत्या समुद्राशी आहे. पूर्वी मलबार किनाऱ्याची मानली जाणारी तारली गेल्या काही दशकांत उत्तरेकडे सरकत आली आहे, असे आपल्याच शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. समुद्र तापतो तसे मासे आपली हद्द बदलतात. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या किनाऱ्यावर २००९ पासून ‘रेडमॅप’ नावाचा उपक्रम चालतो. हौशी गळवाले आणि पाणबुडे आपल्या नेहमीच्या टापूबाहेर दिसलेल्या माशाचे छायाचित्र पाठवितात, तज्ज्ञ ते तपासतात आणि नोंद होते. नव्या जातीचे पहिले पाऊल शास्त्रज्ञाला क्वचितच दिसते. ते दिसते रोज त्याच खडकावर बसणाऱ्या माणसाला. पण ‘आज काही निराळे मिळाले’ हे म्हणण्यासाठी रोज काय मिळते याची वही असावी लागते.

शास्त्रालाही आपली नावे पुनःपुन्हा तपासावी लागतात. २०२३ साली ज्या रुपेरी पापलेटाला महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून गौरविले, त्याचे अनेक वर्षे वापरात असलेले शास्त्रीय नावही वादातीत राहिलेले नाही. आपल्या बाजूच्या समुद्रातील पापलेट ही पूर्वेकडील पापलेटाहून निराळी जात आहे, असे अलीकडच्या संशोधकांनी गुणसूत्रांतील फरकांवरून मांडले आहे. ज्या माशाला सोन्याचा भाव आहे त्याच्याविषयीही जर हे, तर ज्याला भावच नाही त्याच्याविषयी काय बोलावे?

एक रास्त आक्षेप

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो मानखुर्दच्या रहिवाशाने घ्यावा असाच आहे. ज्या एम-पूर्व प्रभागात आम्ही राहतो, त्याचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या अहवालात साऱ्या मुंबईत सर्वांत खालचा होता. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला आमच्या उशाशी येऊन पडतो आहे. जेथे नळाला पाणी यावे म्हणून झगडावे लागते, तेथे माशांच्या काट्यांची मोजणी ही चैन नव्हे काय?

हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु खाडीतील मासा कोण खातो, याचाही विचार करावा. पापलेट आणि सुरमई विकत घेणारा बोय आणि निवट्या खात नाही. ठाण्याच्या २६ किलोमीटर लांबीच्या खाडीत गेल्या साठ वर्षांत कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी येत राहिले; त्या पाण्यातील मासा ज्याच्या ताटात जातो तो याच प्रभागातील माणूस आहे. थोड्या प्राणवायूवर तग धरणारे मासे तेवढे उरले आणि नाजूक प्रकृतीचे नाहीसे झाले, तर पाण्याविषयीचे ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्पष्ट विधान असते. प्रयोगशाळेतील अहवाल दडपता येतो. दहा वर्षांची वही दडपता येत नाही. फ्लेमिंगोंसाठी खाडीच्या एका भागाला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. पक्षी गुलाबी आहेत, उंच आहेत, पुलावरून दिसतात. त्यांचे कौतुक झाले हे चांगलेच झाले. गढूळ पाण्याखालच्या जीवाला मात्र ही सोय नाही. त्याची साक्ष त्याला पकडणाऱ्यानेच द्यावयास हवी. तेव्हा ही चैन नव्हे. गरिबाच्या हाती असलेले हे एक साधन आहे.

काय करता येईल?

उपाय खर्चाचे नाहीत. पहिली गोष्ट, मुंबई व कोकणातील प्रत्येक किनारी तालुक्यात एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने मासे ओळखण्याचे ठाणे म्हणून काम करावे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक टेबल, एक मोजपट्टी आणि एक नोंदवही एवढे त्याला पुरे. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. वर्षानुवर्षे तेच ते उतरवून काढण्यापेक्षा आपल्या खाडीची यादी करणे त्यांना अधिक शिकवील. दुसरी गोष्ट, संशोधन संस्थांनी टपालाने येणारे नमुने स्वीकारावेत आणि ठरलेल्या मुदतीत, मराठीत, उत्तर द्यावे. आता यासाठी अख्खा मासा पाठविण्याचीही गरज नाही. पराचा नखाएवढा तुकडा स्पिरिटमध्ये घालून पाठविला तरी गुणसूत्रांवरून जात ठरविता येते. २००३ पासून ही पद्धत जगभर रूढ झाली आहे.

तिसरी गोष्ट, एक सचित्र मराठी पुस्तिका हवी. तीत शास्त्रीय नाव असावेच; पण त्याच्या शेजारी ट्रॉम्बेचे, वेसाव्याचे, अलिबागचे, मालवणचे नाव असावे, आणि ज्या कोळी स्त्रीपुरुषांनी ती नावे सांगितली त्यांचा सन्मानपूर्वक उल्लेख असावा. चौथी गोष्ट प्रोत्साहनाची. २०१८ पासून आपल्या राज्यात संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. ज्याला शिक्षेची भीती होती त्याला मदतीचा हात देऊन शासनाने मित्र केले. हौशी माणसाला पैसे नकोत. चुकून लागलेला संरक्षित मासा सोडून देऊन प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला त्रास होणार नाही, एवढा विश्वास त्याला पुरेसा आहे.

आणि हौशी मंडळींनीही आपल्या बाजूने थोडी शिस्त पाळावी. अनोळखी मासा लागला तर प्रथम तो खाऊ नये. उघड्या हाताने त्याचे काटे धरू नयेत. शेजारी मोजपट्टी ठेवून, पर पसरून, डाव्या बाजूने छायाचित्र घ्यावे. दुसरे तोंडाचे घ्यावे. तारीख, जागा, भरती की ओहोटी, हे लिहावे. मासा संरक्षित असल्याची शंका असेल तर हात ओले करून त्याला चटकन पाण्यात सोडावे. आणि विचित्र मासा म्हणून छायाचित्र चौफेर पाठविण्याआधी एखाद्या कोळ्याला दाखवावे. निम्म्या वेळा उत्तर तेथेच मिळते.

सामायिक संपत्ती लोकांच्या हाती दिली की तिचा नाश होतो, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ शिकविले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या मच्छीमारांची, शेतकऱ्यांची उदाहरणे देऊन दाखविले की, लोक एकत्र येऊन नियम करतात, पाळतात आणि संपत्ती राखतात. अट एवढीच की ती संपत्ती किती आहे, कशी बदलते आहे, हे त्यांना कळले पाहिजे. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले ते याच कामासाठी. खाडी राखावयाची असेल तर खाडीत काय आहे हे प्रथम खाडीकाठच्या माणसाला कळले पाहिजे.

आमचे शेजारी आता धक्क्यावर जाताना पिशवीत एक फूटपट्टी आणि दोनशे पानी वही नेतात. कारकुनी हाताने त्यांनी रकाने आखले आहेत: दिनांक, जागा, पाण्याची वेळ, लांबी, काटे, शास्त्रीय नाव, कोळी नाव. तीन शेपट्यांच्या माशापुढे शेवटचा रकाना अजून कोरा आहे. त्यांनी स्वतःच एखादे नाव घालावे, असे मी सुचविले होते. त्यांना ते पटले नाही. दुसऱ्या कोळीवाड्यांत त्याला काही नाव असेल, तेथे आधी विचारून पाहू, असे ते म्हणाले. येत्या रविवारी आम्ही वेसाव्याला जाणार आहोत.